अँटेना कोणी हलवली

नूर मोहम्मदला बायकोच्या धाकात वावरणारा म्हटलं तर तो मान डोलवायचा. सायकल येत नाही म्हणून चिडवलं तर स्वतःच ती गोष्ट रंगवून सांगायचा. ऐन विशीत चंद्रपूरला मुलगी बघायला गेला, होणाऱ्या सासऱ्याच्या गल्लीत ऐटीत सायकलवर शिरला, आणि थेट सासूच्या वाळत घातलेल्या शेवयांवर जाऊन आडवा झाला. साबिरा खिडकीतून बघत होती. तिने तिथेच होकार दिला म्हणे, कारण हा माणूस आयुष्यात फार लांब पळून जाणार नाही याची तिला खात्री पटली. त्यानंतर त्याने सायकलला हात लावला नाही. एवढं सगळं तो हसत सांगायचा.

पण २००२ सालच्या सप्टेंबरात धानोऱ्याच्या तहसील कचेरीतल्या फळ्यावर एक कागद लागला, आणि त्यात त्याने अँटेना हलवली असं छापलं होतं. तिथे मात्र हसणं संपलं. पुढचे तीन आठवडे हा माणूस ना स्वतः धड जेवला, ना त्याने घरात कोणाला धड जेवू दिलं.

आता अँटेना हलवणं म्हणजे काय एवढा गुन्हा, असं तुम्हाला वाटेल. त्यासाठी या माणसाचा धंदा ठाऊक हवा. बाजारगल्लीत त्याचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. पण खरा धंदा दुकानाबाहेर. धानोऱ्याच्या भोवतीच्या पंचवीसेक टोल्यांत, म्हणजे जंगलातल्या वाड्यावस्त्यांत, ज्या ज्या घरावर टीव्हीची अँटेना होती, ती याने बांधलेली. आणि प्रत्येक अँटेनाच्या खांबावर ऑइलपेंटचे दोन पट्टे, एक लाल, एक हिरवा. नवीन आलेल्या मास्तरांना वाटायचं की हे कुठल्या तरी पक्षाचं काम. एका फौजदाराने तर त्यापायी एका घरमालकाला अर्धा दिवस बसवून ठेवलं होतं.

पट्ट्यांमागची गोष्ट साधी होती. गावाबाहेरच्या उंचवट्यावर टीव्हीचा छोटा टॉवर. उन्हाळ्यात साग, धावडा, मोह सगळे उघडे पडतात, तेव्हा टॉवरकडे तोंड करून अँटेना लावली की चित्र स्वच्छ. पण मृग लागला, सागाला सुपाएवढं पान आलं, की तीच अँटेना बातम्या देणाऱ्या बाईला दोन नाकं दाखवायची. एक चित्र टॉवरकडून सरळ येणारं, दुसरं कुठल्या तरी पहाडीवर आपटून उशिराने येणारं. लोक त्या दुसऱ्या चित्राला भूत म्हणायचे. नूर मोहम्मद म्हणायचा, हे भूत नाई, हे दुसरी हाक होय. मग तो अँटेना हळूहळू फिरवून एक जागा शोधायचा, जिथे दोन्हींतलं एकच उरतं. उन्हाळ्याच्या जागेला लाल पट्टा, पानाच्या जागेला हिरवा. जून संपता संपता तो कोणाच्या तरी सायकलच्या कॅरिअरवर बसून टोल्याटोल्याने फिरे आणि लालवरच्या अँटेना हिरव्यावर नेई. फेब्रुवारीत पुन्हा उलट. साबिरा म्हणायची, याचा निकाह माझ्याशी चुकून लागला, लागायचा होता अॅल्युमिनियमच्या नळीशी.

असा हा माणूस. चौदा वर्षांत त्याने बांधलेली अँटेना वावटळीत पडली असेल, माकडांनी वाकवली असेल, पण ढिली म्हणून हलली नव्हती.

तर त्या वर्षीच्या एप्रिलात बाहेरच्या एका मोठ्या संस्थेची जीप आली. त्यांना खिशातल्या फोनची यंत्रणा आखायची होती, जंगलातल्या गावांसाठी खास. प्रमुख साहेब मोठे विद्वान. पण जीपमधून उतरताना त्यांच्या हातात नकाशा, चालताना हातात नकाशा, जेवताना ताटाखाली नकाशा. त्यांचं नाव नकाशेसाहेब पडायला दोन दिवस लागले. खरं नाव आता कोणाला आठवत नाही. त्यांच्याबरोबर हर्षा नावाची मुलगी होती, चंद्रपूरची. तिचा बाप लहानू टेलिफोनच्या खांबांवर चढून चढून रिटायर झाला होता आणि पोरगी इंजिनिअर. ती नूर मोहम्मदला पहिल्याच दिवशी चाचा म्हणाली, तिथेच हा विरघळला. माप घ्यायला गावचा एक माहीतगार हवा होता. हा दुकानाला कुलूप लावून निघाला.

हर्षाने त्याला काम समजावलं. टॉवरवर एक यंत्र बसवलं होतं. ते एकामागून एक रेडिओलाटांच्या अगदी आखूड टिचक्या सोडायचं. दुसरं यंत्र टोल्यात न्यायचं, अँटेना रोवायची, आणि संगणकाच्या पडद्यावर बघायचं की एका टिचकीच्या किती टिचक्या होऊन पोचल्या, कोणती किती जोराची, कोणती किती उशिराची. बोलणं, पत्र, चित्र असं पुष्कळ काही एकदम पाठवायचं तर लाटांचा रुंद पट्टा लागतो, आणि पट्टा रुंद झाला की एकेक अक्षराची टिचकी आखूड होते. मग उशिरा आलेली जुनी टिचकी नव्या अक्षरावर जाऊन बसते आणि सगळा काला होतो. म्हणून फोनला आधीच सांगून ठेवावं लागतं की मागून येणाऱ्यांसाठी किती वेळ थांब. ते किती, हे ठरवायला हे सगळं मोजमाप. त्यातून जंगलाचं एक गणिती चित्र बनणार आणि त्या चित्रावरून फोन बनणार. फोनला खरं जंगल दिसतच नाही, त्याला फक्त ते चित्र ठाऊक.

नूर मोहम्मद ऐकून म्हणाला, "म्हंजे हे भुतं मोजाचं काम होय. मग चौदा वर्षं मी काय करून राह्यलो?"

हर्षा हसली आणि तिने ते वहीत लिहून घेतलं.

एप्रिलात बारा टोले मोजून झाले. येरमटोला त्यांतला एक, टॉवरपासून चार किलोमीटर, मधे सगळं जंगल. टोल्याच्या मागे धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आणि बांध्यांपलीकडे उघड्या खडकाची उंच पहाडी. उन्हाळ्यात तिथे पडद्यावर एक उंच सुळका आला, आणि चार मायक्रोसेकंदांनी एक बारीकसा. लाट एका मायक्रोसेकंदात तीनशे मीटर जाते. पहाडी टोल्यामागे सहाशे मीटरवर. जाऊन आपटून परत यायचं म्हणजे बाराशे. हिशेब चोख बसला. साहेब खूश झाले. ते बारीक टोक नगण्य आहे म्हणाले आणि सामान बांधायला लागले.

तेव्हाच नूर मोहम्मद त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिला. तुम्ही जंगल नागडं असताना मोजलं, असं तो म्हणाला. हिरव्या पट्ट्याच्या दिवसांत एकदा या. साहेबांना हिरवा पट्टा म्हणजे काय ते कळलं नाही आणि त्यांनी विचारलंही नाही. पण हर्षाने हट्ट धरला, आणि एक यंत्र धानोऱ्यात ठेवून द्यायचं ठरलं. ऑगस्टात ती एकटी आली. दोन दिवस तिने मोजलं, मग तापाने फणफणली, आणि तिला बसमधे बसवून द्यावं लागलं. येरमटोल्याची मापं उरली. ती नूर मोहम्मदने घेतली.

कशी घेतली ते सगळा येरमटोला सांगतो. जीप चिखलात जात नव्हती, म्हणून गावचा कोतवाल पोचू याची बैलगाडी. बैल सोडून दूर बांधले, म्हणजे गाडी जराही डुलू नये. चाकांपुढे दगड. गाडीत उभ्या केलेल्या अँटेनाला तीन बाजूंनी नायलॉनचे ताण, वर बांबूच्या कामट्या. टोल्यातल्या झिंगूच्या म्हाताऱ्या आईला, बुधरीला, त्याने गाडीजवळून चालूही दिलं नाही. ती अजून त्यावरून त्याला शिव्या घालते. तीन दिवस, रोज सकाळी, दुपारी, संध्याकाळी माप. आणि प्रत्येक वेळी पडद्यावर तेच. सरळ येणारा पहिला सुळका पानांनी गिळून गांडुळाएवढा झालेला, आणि चार मायक्रोसेकंदांनी येणारा पहाडीचा सुळका ताडासारखा उभा. कारण टॉवरकडून पहाडीच्या कड्याकडे लाट झाडांच्या माथ्यावरून जाते, आणि कड्यावरून टोल्यात उतरताना मधे फक्त बांध्या. दुसरी हाक पहिलीपेक्षा मोठी. त्याला त्यात नवल काहीच वाटलं नाही. त्याने कागद नीट घडी करून हर्षाच्या पत्त्यावर पाठवले.

आणि सप्टेंबरात तहसीलच्या फळ्यावर अहवालाचा मराठी सारांश लागला. बारा टोल्यांची नावं, प्रत्येकापुढे शेरा. येरमटोल्यापुढे असं होतं: "पावसाळी मापे बाद. स्थानिक चालकाने अँटेना हलविल्याने विसंगत."

त्याला ते पहिल्यांदा सांगितलं सुगंधाबाईने. ती कचेरीसमोर चहाची टपरी चालवायची आणि कचेरीतलं सगळं साहेबांच्या आधी तिला कळायचं. तिने चहा पुढे ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "नूरभाऊ, हात कापते का आजकाल?"

तो फळ्यापाशी गेला. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. मग परत येऊन बसला, आणि चहा तसाच ठेवून म्हणाला, "आणि चालक कोन? मले सायकल बी येत नाई."

गाव काय, अशा संधीची वाटच बघत असतं. शुक्रवारी मशिदीतून निघताना अजीम टेलरने त्याला खांद्याला धरून सावरल्यासारखं केलं. कोणी बसमधे त्याला खिडकीकडची जागा देऊ लागलं, हलतोस म्हणून. सगळे त्याचेच दोस्त, सगळं प्रेमाचंच. पण चौदा वर्षं ज्यांच्या घरावर त्याने अँटेना बांधल्या त्यांच्यापैकी दोघांनी खरोखरच विचारलं की आमची जरा घट्ट करून देता का. ते त्याला लागलं. रात्री तो साबिराला म्हणाला, चोर म्हटलं असतं तर चाललं असतं. साबिरा फारशी हळवी बाई नव्हती. ती म्हणाली, चोर म्हणायला तू काही चोरलं तरी पाहिजे, आता रडतोस काय, जा आणि विचार त्याला.

हर्षाचं पत्र आलं होतं. तिने लिहिलं होतं की मी भांडले, पण साहेबांचं गणित सांगतं की अशा भागात मागून येणारी टिचकी पुढच्यापेक्षा कमीच असली पाहिजे. जास्त आली म्हणजे माणसाची चूक. अंतिम अहवाल ऑक्टोबरात जाणार, आणि त्यावरून फोनला थांबायला सांगणार दोन मायक्रोसेकंद. त्याआधी गडचिरोलीला अधिकाऱ्यांसमोर वाचन आहे. चाचा, तुम्ही या.

म्हणजे येरमटोल्याचा फोन दोन मायक्रोसेकंद थांबणार आणि पहाडीकडची हाक येणार चारांनी. उन्हाळाभर फोन टणटणीत, आणि पावसाळ्यात, रस्ता तुटलेला असताना, बाळंतिणीसाठी गाडी बोलवायच्या वेळेला, तो मुका. नूर मोहम्मदला हे कळत होतं. पण खोटं कशाला बोला, त्याच्या डोक्यात आधी तो शेराच होता. बाळंतीण नंतर आली.

गडचिरोलीच्या सभागृहात तो पांढरा सदरा घालून मागच्या खुर्चीवर बसला. साहेबांनी भिंतीवर नकाशा टाकला, रंगारंगाचा. गडद हिरवं म्हणजे दाट जंगल, पिवळं म्हणजे शेत, आणि फिकट पोपटी. येरमटोल्याच्या भोवती सगळं फिकट पोपटी. हा पोपटी कशाचा म्हणून एका अधिकाऱ्याने विचारलं. साहेब म्हणाले, महसुली नोंदीप्रमाणे हे झुडपी जंगल आहे, म्हणून आम्ही गणितात झुडपांची उंची दोन मीटर धरली, म्हणजे सरळ येणाऱ्या लाटेला आडवं काही नाही.

सभागृहात दोघेतिघे खोकले. आपल्या भागात कोणत्याही तलाठ्याला विचारा. इंग्रजांच्या काळापासून कागदावर झुडपी म्हणून लिहिलेल्या जमिनीवर कुठे गवताची काडी नसते, तर कुठे असा साग असतो की दोन माणसांच्या कवेत येत नाही. झुडपी हे कागदाचं नाव आहे, झाडाचं नाही. हे इथल्या शेंबड्या पोराला ठाऊक. पण साहेब बाहेरचे, आणि सरकारी कागदावर त्यांचा विश्वास. आणि खोकणाऱ्यांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही, याचा राग नूर मोहम्मदला साहेबांपेक्षा जास्त आला.

तो उठला. त्याच्या उठण्याने खुर्ची पडली, आणि मागून कोणीतरी कुजबुजलं की हा पाहा, हलवली.

"साहेब," तो म्हणाला, "नकाशा महसूलचा, झाडं वनखात्याचे, आन रेडिओच्या लाटेले दोघायचं बी काई माईत नाई. तुम्ही त्या झुडपात माह्यासंग एकदा उभे राहा. मंग मले चालक म्हणा नाई तं काई बी म्हणा."

साहेब शांतपणे म्हणाले की आपला अवमान करण्याचा हेतू नव्हता, अशा त्रुटी मानवी असतात.

"माणसाचीच होय," नूर मोहम्मद म्हणाला. "कोन्या माणसाची, ते पाहू ना."

हर्षा मधे पडली. येरमटोला काही लांब नाही, पाऊस अजून आहे, पान अजून आहे, यंत्र जीपमधे आहे, असं ती म्हणाली. सगळे अधिकारी ऐकत होते, म्हणून साहेबांना नाही म्हणता आलं नाही.

दुसऱ्या दिवशी जीप जिथपर्यंत गेली तिथपर्यंत जीप, पुढे पोचूची बैलगाडी. साहेबांनी नकाशा प्लास्टिकच्या पिशवीत घातला होता. वाटेत दोन्ही बाजूंना साग, खाली बांबू, ओल्या पानांवरून पाणी ठिबकत होतं, आणि दुपारी बाराला दिवा लावावा असा अंधार. एका ठिकाणी नूर मोहम्मदने गाडी थांबवायला लावली. साहेबांना म्हणाला, पिशवीतून नकाशा काढा, आता आपण कुठे आहोत. साहेबांनी चष्मा पुसून बघितलं. पोपटी, ते म्हणाले. मग त्यांनी मान वर केली, आणखी वर केली, आणि टोपी पडली. पोचूने ती उचलून दिली आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, "झुडूप जरासं वाढलं साहेब, पाण्यापावसाचं."

टोल्यात पोचल्यावर नूर मोहम्मदने यंत्र जोडलं, पण अँटेनाला हात लावला नाही. ती साहेबांच्या पुढे धरली. तुम्हीच बांधा, तुम्हीच धरा, मी तिकडे बांधीवर जाऊन उभा राहतो, असं म्हणून तो खरोखरच चाळीस पावलं लांब जाऊन हात मागे बांधून उभा राहिला. सगळा टोला जमलेला. बुधरी म्हातारीने साहेबांना बजावलं की मले याने इथी चालू देल्लं नाई, तू बी हलू नको. साहेबांनी दोन्ही हातांनी अँटेना धरली. श्वाससुद्धा अडवून धरला असावा, कारण त्यांचा चेहरा लाल झाला होता.

हर्षाने कळ दाबली. पडद्यावर पहिला सुळका गांडुळाएवढा. चार मायक्रोसेकंदांनी दुसरा, ताडासारखा. तिने पुन्हा दाबली. पुन्हा तेच. दहा वेळा तेच.

नूर मोहम्मद बांधीवरूनच बोलला. आवाज चढवला नाही, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"साहेब, आता कोनं हलवली?"

साहेब अँटेना धरूनच उभे होते. मग त्यांची नजर झिंगूच्या घराच्या छपराकडे गेली. तिथे टीव्हीची अँटेना होती. टॉवर पुढे, आणि तिचं तोंड मागे, पहाडीकडे. खांबावर खालचा लाल पट्टा टॉवरच्या बाजूला, आणि वरचा हिरवा, जिथे ती आता होती, पहाडीच्या बाजूला. पेंट जुना, पोपडे धरलेला.

"हे केव्हाचं?" त्यांनी विचारलं.

झिंगू म्हणाला, टीव्ही घेतला तेव्हाचं, सात वर्षं झाली. साहेबांनी हर्षाकडे बघितलं. तिने एप्रिलातली वही भुतं मोजण्याच्या त्या वाक्यापाशी उघडून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाचलं आणि अँटेना अगदी हळू, बाळ खाली ठेवावं तशी, खाली ठेवली.

परतीच्या वाटेवर ते म्हणाले की शेरा काढून नवीन सारांश छापून पाठवतो. भल्या माणसासारखं बोलले, हे कबूल केलं पाहिजे. दुसरा कोणी असता तर यंत्र बिघडलंय म्हणाला असता. पण नूर मोहम्मद तेवढ्यावर ऐकेना. नवा कागद म्हणजे जुना कधी नव्हताच असं होईल, तो म्हणाला. तीन आठवडे साऱ्या गावाने जे वाचलं, ते खोडलेलं त्याच गावाला दिसलं पाहिजे. मग गाडी धानोऱ्याला तहसील कचेरीपाशी थांबली. सुगंधाबाई टपरी सोडून आली, अजीम टेप गळ्यात तसाच अडकवून आला. साहेबांनी फळ्यावरच्या त्या ओळीवर एकच रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी, शेजारी "मापे बरोबर" लिहिलं, सही केली, तारीख घातली. नूर मोहम्मदने मागे होऊन कागद सरळ आहे का ते बघितलं. मग सुगंधाबाईला म्हणाला, तो चहा आण.

अंतिम अहवालात फोनला पाच मायक्रोसेकंद थांबायला सांगितलं गेलं, आणि पोपटी रंग नकाशातून गेला. तीन वर्षांनी यंत्रणा आली. येरमटोल्यातून भर श्रावणात पहिला फोन आला तो नूर मोहम्मदच्या दुकानात, आणि केला बुधरीने, जुन्या शिव्या नव्याने घालायला. शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला.

तुम्हाला वाटेल, आता तरी हा माणूस निवला असेल. अहवालाची छापील प्रत हर्षाने त्याला आणून दिली. शेवटच्या पानावर आभार होते, मोठ्या मोठ्या लोकांचे, आणि सगळ्यांच्या खाली मराठीत एक ओळ: "स्थानिक चालक नूर मोहम्मद, धानोरा." हर्षाने जीभ चावली. नूर मोहम्मद लाल झाला. ती म्हणाली, चाचा, ते यंत्र चालवणारा या अर्थाने. तो म्हणाला की अर्थ त्याला कळतो, पण सासुरवाडीला हे पान दाखवलं तर शेवयांची गोष्ट पुन्हा निघेल.

मग त्याने दुकानातला पेन घेतला. साहेबांनी मारली होती तशीच, खालचं वाचता येईल अशी, चालक या शब्दावर एक रेघ मारली. वर लिहिलं, "अँटेना बांधणारा". सही केली, तारीख घातली, आणि शाई वाळेपर्यंत ते पान दोन्ही हातांनी धरून बसला. अजिबात न हलवता.